सरांचे भाडेकरू

माझ्या बायोडेटात एक ओळ आहे : 'एका आठवड्यात एकशे चाळीस नवे ग्राहक आणले.' ती शंभर टक्के खरी आहे. त्याच्या पुढच्या आठवड्यात काय झालं ते बायोडेटात लिहायची पद्धत नाही, म्हणून इथे लिहिते. आणि ते लिहायचं म्हणजे सरांबद्दल लिहिणं आलं, कारण माझे सगळे मोठे पराक्रम त्यांच्या जिवावर झालेले आहेत.

सरांचा धंदा होस्टिंगचा. हे माझ्या आईला आठ वेळा समजावून झालंय, आता नवव्यांदा सांगते. वेबसाइट म्हणजे दुकान धरलं तर त्या दुकानाला कुठेतरी गाळा लागतो. तो गाळा मुंबईतल्या एका थंडगार इमारतीत, एका मशीनच्या पोटात असतो. सर ते अख्खं मशीन भाड्याने घ्यायचे आणि त्यातले छोटे छोटे गाळे नाशिक जिल्ह्यातल्या लोकांना द्यायचे. म्हणून ते ग्राहकांना ग्राहक कधी म्हणाले नाहीत. भाडेकरू म्हणायचे. ऑफिस नाशिकच्या द्वारका चौकाजवळ, टायरच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. खालून दिवसभर रबराचा वास यायचा. बाहेर पाटी नव्हती. गावभरच्या पाट्या वाचत फिरणाऱ्या माणसाच्या दाराला पाटी नसावी हे मला पहिल्या दिवशीच खटकलं होतं. मी तसा अहवालही दिला होता, सात पानांचा. त्यांनी तो खिडकीच्या फटीत घातला, कारण ती वाऱ्याने वाजायची.

या धंद्याआधी सर मनमाडला रेल्वेत होते, चौकशीच्या खिडकीत. बावीस वर्षं लोकांनी त्यांना एकच प्रश्न विचारला आणि बावीस वर्षं त्यांनी त्याचं उत्तर दिलं. कॉम्प्युटर आल्यावर तो स्वतःच शिकले, मग नोकरी सोडून हा उद्योग काढला. खिडकी सुटली, पण खिडकीतला माणूस सुटला नाही. फोन दुसऱ्या रिंगच्या आत उचलायचे. जेवत असले तर डाव्या हाताने उचलायचे. मी विचारलं होतं, की एवढी घाई कशाला, जरा वाजू दिला तर आपण कामात आहोत असं वाटतं. तर म्हणाले, "गाडी लेट असली तर लेट सांगायचं. किती लेट ते सांगायचं. प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला दुसरं काही नको असतं गं."

मी पुण्याहून परत आले तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि माझी कंपनी बंद पडली होती. माझी म्हणजे मी नोकरीला होते ती. घरात 'तिला जरा नाशिकची हवा मानवते' असं सांगितलं जात होतं. कुणाच्या तरी ओळखीने सरांकडे गेले. त्यांनी बायोडेटा बाजूला ठेवून विचारलं, "पुण्यात किती माणसं आणलीस?"

मी म्हटलं, "सर, मी ब्रँड अवेअरनेसवर होते."

"म्हणजे एकही नाही."

"तसं थेट मोजता येत नाही, सर."

"शून्य मोजायला सोपं असतं," असं म्हणून त्यांनी मला चहा दिला आणि कामावर घेतलं. त्या दिवसापासून माझं नाव एमबीए पडलं.

मला का घेतलं तेही त्यांनी त्याच चहात सांगून टाकलं. एकशे ऐंशी भाडेकरू होते. टीव्हीवर जाहिराती करणाऱ्या मोठ्या कंपन्या पहिलं वर्ष जवळजवळ फुकट देत होत्या, त्यामुळे दरवर्षी पंधरा-वीस जण गळत होते. मशीनचं भाडं काही गळत नव्हतं. पुण्याची एक कंपनी सगळेच्या सगळे भाडेकरू घ्यायला तयार होती. सर म्हणाले, "पाडव्यापर्यंत बघू. जाणाऱ्यांपेक्षा येणारे जास्त झाले तर चालवू. नाहीतर देऊन टाकू. मग त्यांचे फोन कोण उचलणार, ते त्या कंपनीला ठाऊक." शेवटचं वाक्य त्यांनी मला नाही, खिडकीला सांगितलं. मला ते नीट ऐकू आलं होतं, पण माझं लक्ष 'पाडव्यापर्यंत' या शब्दाकडे होतं. डेडलाइन म्हटलं की माझ्या अंगात येतं.

नवे लोक मिळवायची सरांची स्वतःची पद्धत होती आणि तिच्यासारखी पद्धत मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही. ते स्कूटरवरून जाताना दुकानांच्या पाट्या, टेम्पोची मागची बाजू, रिक्षावरच्या जाहिराती वाचायचे. कुठे वेबसाइटचा पत्ता दिसला की फोनवर उघडून बघायचे. द्वारकेला गाड्या अडकल्या की लोक हॉर्न वाजवतात. सर खूश व्हायचे, कारण तेवढ्या वेळात पाच पत्ते बघून व्हायचे. त्यातले दोन-तीन हमखास बंद निघायचे. कुणीतरी कधीतरी वेबसाइट काढलेली असते, भाडं भरायचं राहून जातं, वेबसाइट नाहीशी होते, आणि पाटीवर पत्ता वर्षानुवर्षं झळकत राहतो. असं दिसलं की सर स्कूटर लावून आत जायचे.

पहिल्यांदा मी बरोबर होते ते एक भांड्यांचं दुकान होतं. सर थेट गल्ल्यापाशी गेले. मालकांनी मान वर न करता सांगितलं, "वर्गणी दिलीय आम्ही."

"वर्गणी नको. तुमच्या पाटीवर वेबसाइट आहे, ती बंद आहे."

मालक बाहेर आले, स्वतःच्याच पाटीकडे पाहिलं, फोन काढला, पत्ता टाकला. चेहरा पडला. "कधीपासून?"

"ते मला काय माहीत. मी आज बघितली."

"मग तुम्ही चालू करून देता का?"

आता इथे कुठल्याही माणसाने काय करायचं असतं ते शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. सर म्हणाले, "ज्याच्याकडून घेतलीत त्याला आधी फोन लावा. त्याने उचलला तर चांगलंच आहे." आणि पायऱ्या उतरले. नाव नाही, नंबर नाही, काही नाही. मी मागे रेंगाळून हळूच कार्ड काढलं तर मागून आवाज, "एमबीए, चल. ज्याला कार्ड देतो तो त्याने दात कोरतो."

स्कूटरवर मी फणफणत होते. "सर, हातात आलेला माणूस होता."

"अगं, आपलं दुकान बंद आहे हे त्याला आत्ता कळलंय. आज त्याला जेवण जाणार नाही. आजच कसं काय विकायचं त्याला?"

गंमत म्हणजे यातले काही लोक पंधरा दिवसांनी विचारत विचारत यायचे. खाली टायरवाल्याला म्हणायचे, ते वेबसाइट बंद आहे म्हणून सांगणारे काका कुठे बसतात? दहातले दोन यायचे; भांडीवाले त्यातलेच. मी या प्रकाराला 'लो कन्व्हर्जन' असं नाव दिलं होतं आणि तसा तक्ता केला होता.

आलेल्याला जागा मिळायचीच असंही नव्हतं. सर त्याला समोर बसवून विचारायचे, "कशाला पाहिजे?" सगळ्यांची आहे म्हणून, असं उत्तर आलं की म्हणायचे, "मग फोनवर फोटो टाका, तेवढं पुरतं." एका डॉक्टरांना त्यांनी असं परत पाठवलं तेव्हा मी दाराआड डोकं धरून उभी होते. उलट पेठकडच्या नागलीचे पापड करणाऱ्या बायकांच्या गटातली एक बाई आली, तिच्यासाठी दोन तास घालवले.

"ऑर्डर आली तर बघणार कुठे?"

"गावात रेंज नाय. बुधवारी बाजाराला उतरतो, तवा बघू."

सरांनी तिच्या वेबसाइटवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलं : 'ऑर्डर दिल्यास उत्तर बुधवारी मिळेल.' मी त्यांना समजावलं, की हे वाचून लोक पळून जातात, आजकाल दोन मिनिटांत उत्तर लागतं. ते म्हणाले, "दोन मिनिटांत मिळणार नाही हे खरं आहे ना? मग?" पापडांना ऑर्डरी येत गेल्या. बुधवारी उत्तर मिळतं म्हणजे पापड खरंच डोंगरातले असणार, असं मुंबईच्या लोकांना वाटलं असावं. हा खुलासा माझा. सरांना खुलाशाची गरज वाटली नाही.

भाडं नवं करायची तारीख आली की सर स्वतः फोन करायचे. "आज तुमच्या वेबसाइटचा वाढदिवस." आणि त्याआधी ते ती सगळी वेबसाइट वाचून काढायचे. भाडेकरूने स्वतः वाचली नसेल इतकी. "तुमच्याकडे अजून गेल्या हंगामातली द्राक्षं लटकतायत, ती काढा." "तुम्ही लिहिलंय शाखा दोन, पण दुसरी तर बंद केलीत ना?" दिंडोरीचे एक द्राक्षबागायतदार होते, चार-पाच शेतकऱ्यांचा गट करून परदेशी माल पाठवायचे. ते मला म्हणाले होते, "ताई, आमच्या पोरीला तिचा वाढदिवस नाय आठवत, पण वेबसाइटचा आठवतो. साहेबांचा फोन येतो ना." मी हसले होते आणि मनात म्हटलं होतं, एका माणसामागे वीस मिनिटं, असा धंदा कसा वाढायचा?

तर तो मी वाढवला.

माघ चालू होता. सर भाचीच्या लग्नाला चार दिवस मनमाडला जाणार होते. जाताना माझ्या योजनेला हो म्हणाले. योजना अशी होती : पहिले तीन महिने एक रुपया. फेसबुकवर जाहिरात. सरांनी एकच अट घातली होती, "प्रत्येकाशी बोल. आवाज ऐक. कशाला पाहिजे ते विचार. मगच किल्ली दे."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं. पण पहिल्याच दिवशी तीस जण आले. तिसाव्या माणसाशी बोलायला वेळ कुठला? मी अशी सोय करून टाकली की एक रुपया भरला की किल्ली, म्हणजे गाळ्याचा पासवर्ड, आपोआप मिळते. मला त्या सोयीचं इतकं कौतुक वाटलं की मी तिचा स्क्रीनशॉट आईला पाठवला. सर परत आले तोवर एकशे चाळीस झाले होते. मी पेढे आणून ठेवले होते. सरांनी अर्धा पेढा खाल्ला आणि विचारलं, "यातल्या कितींचा आवाज ऐकलास?"

मी म्हटलं, "सर, आता डेटा बोलतो."

त्यांनी उरलेला अर्धा पेढा परत खोक्यात ठेवला. मला वाटलं, गोड कमी खातात.

डेटा पाचव्या दिवशी बोलला. त्या एकशे चाळीसमधल्या कुणीतरी, बहुधा एकाच माणसाने वीस नावांनी, आमच्या मशीनवरून देशभर मेल सोडायला सुरुवात केली होती. 'अभिनंदन, आपली नोकरी पक्की झाली आहे, फक्त फी भरा.' लाखांनी मेल. आता आमच्या सगळ्या भाडेकरूंचा इंटरनेटवरचा पत्ता एकच होता. चाळीतल्या एका खोलीतून कुणी घाणेरडी पत्रं टाकायला लागलं तर पोस्टमन अख्ख्या चाळीची पत्रं घ्यायचं थांबवतो, तसंच झालं. जगातल्या मोठमोठ्या मेलवाल्यांनी आम्हाला काळ्या यादीत टाकलं. भांडीवाल्यांचं कोटेशन जाईना, क्लासवाल्यांचा निकाल जाईना, कुणाचंच काही जाईना.

पहिला फोन दिंडोरीचा. "साहेब, कंटेनर बंदरात गेला, कागद काय तिकडं पोचंना. मेल परत येतोय. कागद नाय गेलं तर माल तिथंच सडंल. लय अवघड हाय." ते फोनवर थांबलेच नाहीत, तासाभरात पेनड्राइव्ह घेऊन ऑफिसात हजर. अंगावर बागेतलेच कपडे. सरांनी त्यांना शेजारी बसवलं आणि सगळे कागद स्वतःच्या जुन्या फुकट मिळणाऱ्या मेलवरून पाठवले. होस्टिंगचा धंदा करणारा माणूस फुकटच्या मेलवरून भाडेकरूचे कागद पाठवतोय, हे मी समोर बसून बघत होते. शेवटी पलीकडून 'मिळाले' असं उत्तर आलं. बागायतदारांनी डोळे पुसले, आणि मला म्हणाले, "ताई, पाणी द्या जरा." कुणी इतक्या साधेपणाने पाणी मागितल्याची मला कधी एवढी लाज वाटली नव्हती.

मी दरम्यान कामाला लागले होते. सगळ्या भाडेकरूंसाठी एक सुंदर मजकूर तयार केला होता, 'तांत्रिक कारणांमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' सरांनी वाचला.

"पाठवणार कसा?"

"मेलने," मी म्हटलं. आणि लॅपटॉप मिटला.

सरांनी वही काढली. एकशे ऐंशी नावं, एकशे ऐंशी नंबर. माझ्यासमोर ठेवली आणि फोन माझ्याकडे सरकवला. "तीन वाक्यं. मेल जात नाहीयेत. चूक माझी आहे. चार दिवस लागतील. तांत्रिक म्हणायचं नाही. आम्ही म्हणायचं नाही. तू केलीस, तू म्हण."

तीन दिवस मी फोन करत होते. शेजारी बसून ते एकेका मेलवाल्याला अर्ज लिहीत होते आणि माझं ऐकत होते. मी एकदा 'थोडासा इश्यू' म्हटलं तर पेन थांबलं. पुन्हा फोन लावायला लागला. काही जणांनी ऐकून घेतलं, काहींनी झाडलं, एका बाईंनी मला माझं शिक्षण विचारलं आणि मी सांगितल्यावर "असं होय" म्हणाल्या. मालेगावचे लुंग्या विणणारे एक लूमवाले होते, माझी तीनही वाक्यं त्यांनी शांतपणे ऐकली. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही खुद फोन केला? आमच्याकडे कापडाचा थान खराब निघाला तर कारागीर सांगत नाही, दुकानदार सांगत नाही, गिऱ्हाईक येऊन शिव्या देतो तेव्हा मालूम पडतं. ठीक आहे, चार दिवस ना? मैं पाचवे दिन देखूंगा." मी फोन ठेवून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

चार दिवसांनी मेल सुरू झाले. एकशे चाळीस जणांच्या किल्ल्या सरांनी स्वतः काढून घेतल्या. जुन्या एकशे ऐंशीमधले सव्वीस सोडून गेले. आणि त्याच महिन्यात, कुठलीही जाहिरात न करता, अकरा नवे आले. लूमवाल्यांनी त्यातले चार पाठवले होते. म्हणे, ज्यांची चूक झाली तर स्वतः फोन करतात त्यांच्याकडे जा.

अशा वेळी शहाण्या माणसाने हात जोडून गप्प बसावं. मी रात्र न घालवता, दुसऱ्या दिवशी दुपारीच, सरांना नऊ स्लाइड दाखवल्या. नाव : माफी मोहीम.

सरांनी सगळ्या बघितल्या. "म्हणजे दर तीन महिन्यांनी चूक करायची?"

"छोटीशी, सर."

त्यावर ते इतके हसले की खालून टायरवाला बघायला आला. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतर ऑफिसात तर नाहीच.

कारण पाडवा आला. गेले सव्वीस, आले अकरा. सरांनी आकड्यांची काही ओढाताण केली नाही, स्वतःलाच दिलेला शब्द पाळला. पुण्याच्या कंपनीचा माणूस आला, कागद झाले. सरांनी त्याला एकेका भाडेकरूबद्दल सांगायला सुरुवात केली. यांना सकाळी फोन करू नका, हे मंडीत असतात. यांना इंग्रजी पत्र पाठवू नका. तो माणूस दहाव्या नावापर्यंत मान हलवत होता, मग म्हणाला, "सर, हे सगळं सिस्टिममध्ये येईल." सरांनी वही मिटली. मी त्यांचा धंदा बुडवला, हे वाक्य मी आजवर कुणापुढे पूर्ण उच्चारलेलं नाही. इथे लिहिते.

त्या कंपनीने मलाही घेतलं. बसायचं नाशिकमध्ये घरूनच, पद 'ग्राहकवाढ प्रमुख, उत्तर महाराष्ट्र'. मला वाटलं, नऊ स्लाइडचा परिणाम. दीड वर्षांनी एका मीटिंगमध्ये कुणीतरी सहज बोलून गेलं, की तुमच्या आधीच्या सरांनी अटच घातली होती ना, पोरीला घेतलंत तर सही करतो. मी हसून 'हो हो' म्हटलं आणि कॅमेरा बंद केला.

कंपनीत माझं काम चांगलं चाललं होतं. मदतीच्या फोनवर लोकांना थांबावं लागायचं, तेव्हा ऐकवायचा मराठी मजकूर मीच लिहिला होता. एके दिवशी वरून एक तक्रार आली : नाशिकमधला एक नंबर मदतकेंद्राला रोज आठ-दहा फोन करतो, प्रत्येक वेळी वेगळ्या ग्राहकाच्या नावाने. प्रतिस्पर्धी कंपनीचा माणूस असावा. भेटून समज द्यावी. नंबर मी ओळखला. तो मला पाठ होता.

नाशिकरोडला त्यांच्या घरी गेले तेव्हा दुपार होती. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "ये गं. तुमच्या कंपनीची सतार चालूच आहे." सर जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसले होते. शेजारी फोन स्पीकरवर.

"बस. माझा नंबर सातवा आहे."

"कुणासाठी, सर?"

"दिंडोरी. त्याचा पासवर्ड चालत नाहीये. फवारणीचे दिवस, तो कुठे कानाला फोन लावून ताटकळणार? मला काय, मटार सोलायचेच आहेत."

सतार थांबली आणि बाईंचा गोड आवाज आला, 'आपण आमच्यासाठी मोलाचे आहात. कृपया थोडा वेळ प्रतीक्षा करावी.'

"किती वेळ ते सांगत नाही," सर म्हणाले. "पण मराठी चांगलं आहे. कुणी लिहिलंय?"

"माहीत नाही, सर."

मी पण मटार सोलायला घेतले. नंबर लागायला पंचवीस मिनिटं गेली. भाडेकरूंनी सरांचा नंबर सोडलाच नव्हता. त्यांचं अडलं की ते सरांना फोन करायचे, आणि सर त्यांच्या वतीने आमच्या रांगेत उभे राहायचे. वर्ष-दीड वर्ष हेच चाललं होतं. शेवटी मी धीर केला. "सर, मला कंपनीने पाठवलंय. तुम्ही फार फोन करता म्हणतात."

त्यांनी एक शेंग सोलून पूर्ण केली. "बरं. नाही करत. मग त्यांनी कुणाला करायचा, तेवढं सांग."

माझ्याकडे उत्तर होतं. वेबसाइटवर प्रश्नोत्तरांचं पान आहे, चॅटची खिडकी आहे, ॲप आहे. मी पेन घेतलं. त्यांच्या वहीवर माझा स्वतःचा नंबर लिहिला. ऑफिसचा नाही, माझा. सरांनी तो वाचला, आकडे बरोबर आहेत ना ते विचारलं, आणि म्हणाले, "जेवायला किती वाजता बसतेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दिंडोरी. "ताई, साहेबांनी नंबर दिला. म्हणले, आता ताई बघतील. दीड ते दोन करायचा नाय, तवा ती जेवती, असं बी म्हणले." मग मालेगाव, मग भांडीवाले. संध्याकाळपर्यंत एकतीस फोन. जन्मात एक ग्राहक धड आणला नाही, आणि एका दिवसात एकतीस. मी कळवळून सरांना फोन केला, "सर, सगळ्यांना दिलात की काय?"

"छे, अजून बरेच राहिलेत. प्रत्येकाशी बोलून देतोय, वेळ लागतो."

आठवडाभरात सगळे झाले. माझा फोन दिवसभर वाजायला लागला. मी तिसऱ्या रिंगला उचलते, दुसरीला अजून जमत नाही. वैतागते, चिडते, पण उचलते. कंपनीचे लोक माझे आकडे बघून विचारतात, नाशिकचे ग्राहक सोडून का जात नाहीत? मी म्हणते, तसं थेट मोजता येत नाही.

महिन्याभराने एका दुपारी काकूंचा फोन आला. आवाज दबका. "अगं, त्यांना कळू देऊ नकोस. कालपासून त्यांचा फोन एकदाही वाजला नाही. सारखा उचलून बघतात, चालू आहे ना म्हणून. तू करतेस का एक?"

फोन कुणी उचलायचा याचीच काळजी मी इतके दिवस वाहत होते. ज्याच्याकडचे सगळे फोन मी घेऊन आले, त्याचं काय होईल, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. मी लगेच नंबर लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"सर," मी म्हटलं, "जरा अडलंय." काहीसुद्धा अडलेलं नव्हतं.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, वही उघडल्याचा आला.

"सावकाश सांग," सर म्हणाले. "मला वेळ आहे."